अकूस्टिक बॅरिटोन गिटार घडवताना: मापे, लाकूड आणि जोडणी

बॅरिटोन गिटार म्हणजे नेहमीच्या गिटारपेक्षा एक चतुर्थ खाली लावलेली गिटार. षड्जावरून मंद्र पंचमावर उतरावे, तेवढी ती खाली जाते. जाड तारेपासून बारीक तारेकडे तिचे स्वर बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी असे लागतात. सर्वांत खालची बी तार 61.74 हर्ट्झला बोलते, सर्वांत वरची 246.94 हर्ट्झला. ती घडवायला बसणारे बहुतेक जण ड्रेडनॉटचा, म्हणजे नेहमीच्या मोठ्या पेटीच्या गिटारचा, नकाशा घेऊन फक्त नेक लांब करतात. अशा गिटारची खालची तार पिठूळ वाजते आणि वर्षभरात ब्रिजच्या (पेटीवर तारा जिथे अडकवतात त्या ठोकळ्याच्या) मागची तबली, म्हणजे पेटीची वरची फळी, फुगते. तारेची लांबी बदलली की ब्रिजची जागा सरकते, तबलीखालच्या पट्ट्या सरकतात आणि ध्वनिछिद्रही सरकते. म्हणून लाकडाला करवत लावण्याआधी पूर्ण आकाराचा नकाशा कागदावर काढा. खालील सर्व मापे एकाच वाद्याची आहेत. एक बदललात तर बाकीची पुन्हा मोजावी लागतील.

तारेची लांबी आधी ठरवा

अकूस्टिक बॅरिटोनची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साधारण 27 ते 30 इंच असते. बी ते बी लावायची असेल तर 28 इंच, म्हणजे 711.2 मिमी, हे माप आम्हाला सर्वांत सोयीचे वाटते. तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीच तार त्याच स्वराला 25.4 इंचांवर लावली आणि 28 इंचांवर लावली, तर दुसऱ्या ठिकाणी ताण सुमारे 21 टक्के जास्त येतो. खालच्या तारेचा स्पष्टपणा याच ताणातून येतो. 30 इंचांवर तो आणखी वाढतो, पण पहिल्या चार फ्रेट्समध्ये (पडद्यांमध्ये) बोटे इतकी ताणावी लागतात की नेहमीचे कॉर्ड धरणे कष्टाचे होते.

फ्रेटच्या खाचा नेहमी नटपासून, म्हणजे डोक्याकडे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, मोजा, एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंत कधीच नाही. दर खाचेला दशांश मिलिमीटरची चूक झाली तरी विसाव्या खाचेपर्यंत ती दोन मिलिमीटर होते. नटपासून अंतर काढायचे सूत्र असे: फ्रेटच्या क्रमांकाला 12 ने भागा, 2 चा तितका घात काढा, 711.2 ला त्याने भागा आणि आलेला आकडा 711.2 मधून वजा करा. पडताळ्यासाठी काही अंतरे अशी: पहिला फ्रेट 39.92 मिमी, दुसरा 77.59, पाचवा 178.40, सातवा 236.53, बारावा 355.60, चौदावा 394.40, विसावा 487.2.

तारांचा संच 0.016 ते 0.070 इंचांचा घ्या. सहा तारांचा मिळून ताण 80 ते 90 किलोच्या दरम्यान येतो. नेहमीच्या गिटारवर 0.013 ते 0.056 चा मीडियम संच चढवला तरी जवळपास एवढाच ताण पडतो. हे लक्षात ठेवायला हवे, कारण जाड तारा पाहून तबली आणि पट्ट्याही जाड ठेवण्याचा मोह होतो. तसे केले की वाद्य मुके होते.

लाकूड

तबलीसाठी सिटका स्प्रूस घ्या. युरोपियन स्प्रूसही चालेल. हे लाकूड आयातच करावे लागते. क्वार्टर-सॉन, म्हणजे रेषा तबलीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभ्या असलेले, एकाच ओंडक्यातून पुस्तकासारखे उघडलेले दोन तुकडे हवेत. प्रत्येकी 550 × 215 × 4 मिमी. पट्ट्यांसाठीचा स्प्रूस करवतीने न कापता पटाशीने फोडून घ्या. फोडलेला तुकडा रेषेच्या दिशेनेच फुटतो. करवतीने कापलेल्या पट्टीत रेषा तिरकी बाहेर पडलेली असू शकते आणि तिथूनच ती मोडते.

पाठ आणि बाजूंसाठी शिसव हे जगभरातल्या गिटारकारांचे आवडते लाकूड आहे, आणि ते आपल्या पश्चिम घाटातले. पाठीचे दोन तुकडे 540 × 215 × 4 मिमी, बाजूंचे दोन 850 × 135 × 3 मिमी. खरेदी करताना पावतीबरोबर वन खात्याचा वाहतूक परवानाही मागा. शिसव ज्या डालबर्जिया प्रजातीत येते ती जवळजवळ सगळी 2017 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वाद्यांना 2019 मध्ये सवलत मिळाली, पण कच्च्या लाकडाला नाही. लाकूड देशाबाहेरून आणायचे किंवा बाहेर पाठवायचे असेल तर कागदपत्रे लागतातच. शिसवीच्या भुशाची पुष्कळांना ॲलर्जी होते, अंगावर पुरळ येते, दम लागतो. मास्क न लावता शिसव घासू नका.

सागवान टाळा. त्यातल्या तेलामुळे सांधे धरत नाहीत आणि आवाजही लवकर विरतो.

नेकसाठी महोगनी. ती मिळाली नाही तर जुने, सरळ रेषेचे तून उत्तम. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांत हेच लाकूड वापरतात आणि ते महोगनीच्याच कुळातले आहे. तून घेताना किडीची भोके आणि वळलेली रेषा यांकडे नीट पाहा. 900 × 80 × 25 मिमीची फळी पुरते. फ्रेटबोर्डसाठी एबनी किंवा शिसव, 520 × 65 × 7 मिमी. ब्रिजसाठी त्याच जातीचा 165 × 40 × 11 मिमीचा तुकडा. नट आणि सॅडल (ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हाडाचे.

दमटपणा: इथेच बहुतेक गिटारी फसतात

स्प्रूस रेषेच्या आडव्या दिशेने फुगतो आणि आक्रसतो, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, 80 टक्के आर्द्रतेत, तबलीवर पट्ट्या चिकटवल्या आणि नंतर ते वाद्य 45 टक्क्यांच्या खोलीत गेले, तर 40 सेंमी रुंदीची मोकळी तबली चार मिलिमीटरच्या आसपास आक्रसेल. पण आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या आक्रसत नाहीत. तबली आधी खाली बसते, मग चिरते. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काही दिवसांतच होऊ शकते.

म्हणून तबली आणि पाठ यांना पट्ट्या लावण्याचे आणि पेटी बंद करण्याचे काम 42 ते 48 टक्के आर्द्रतेतच करा. एक लहान खोली, एसी किंवा डीह्युमिडिफायर आणि विश्वासाचा आर्द्रतामापक एवढे लागते. तबलीचे तुकडे त्या खोलीत किमान दोन आठवडे दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे उभे ठेवा. नेक कोरणे, ब्रिज घडवणे ही कामे पावसाळ्यात बाहेर केली तरी चालतात.

पेटीचा नकाशा

लांबी 515 मिमी, खालचा फुगवटा 406, कंबर 260, वरचा फुगवटा 298. खोली नेकपाशी 105 आणि तळाशी 125 मिमी. नेक चौदाव्या फ्रेटवर पेटीला मिळते. तिथून सॅडलचे गणिती अंतर 316.8 मिमी. तारेच्या जाडीसाठी द्यावी लागणारी भर धरून सॅडलची मध्यरेषा खांद्याच्या टोकापासून, म्हणजे पेटीच्या नेककडच्या कडेपासून, साधारण 320 आणि तळापासून साधारण 195 मिमीवर येते. खालचा फुगवटा नेमका तिथेच सर्वांत रुंद ठेवा. तबलीची सर्वांत मोकळी हालणारी जागा तीच आहे.

ध्वनिछिद्राचा व्यास 98 मिमी, मध्य खांद्यापासून 158 मिमीवर. पेटीतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. नेहमीच्या ड्रेडनॉटमध्ये तो 100 हर्ट्झच्या आसपास असतो. खालची बी त्याच्याही बरीच खाली आहे, म्हणून तिचा मूळ स्वर पेटी जोराने बाहेर फेकू शकत नाही. कान तो तिच्या वरच्या स्वनांवरून जुळवतो. हवेचा सूर खाली आणायचे दोन मार्ग: पेटी खोल करणे किंवा छिद्र लहान करणे. मात्र पेटी 130 मिमीच्या पुढे खोल केली की आवाज घुमतो आणि मधल्या तारा मागे पडतात, म्हणून आम्ही 125 वर थांबतो.

तबली

दोन तुकड्यांच्या कडा लांब रंध्याने एकत्र तासा. उजेडासमोर धरून पाहा, सांध्यातून कुठेही प्रकाश दिसता कामा नये. गोंद गरम सरस किंवा पिवळा ॲलिफॅटिक गोंद. सुताराकडचा पांढरा पीव्हीए गोंद फर्निचरला ठीक आहे, पण सततच्या ताणाखाली आणि उन्हात तो हळूहळू सरकतो. ब्रिज आणि पट्ट्या यांच्यासाठी तो वापरू नका. सरस वापरणार असाल तर तो 60 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा आणि दोन्ही तुकडे आधी कोमट करून घ्या. थंड लाकडावर तो काही सेकंदांत गोठतो आणि सांधा पोकळ राहतो.

सांधा वाळल्यावर तबली 3.0 मिमीवर आणा. लाकूड फार ताठ असेल तर 2.8 पर्यंत जा. ताठपणा हाताने तपासा: रेषेच्या आडव्या दिशेने हलके वाकवा. सहज वाकली तर जाडी तिथेच थांबवा. छिद्राभोवतीची नक्षी, म्हणजे रोझेट, तबली या जाडीवर येण्याआधीच बसवा. पेटी बंद झाल्यावर खालच्या फुगवट्याची कड, काठापासून 40 मिमीच्या पट्ट्यात, 2.5 मिमीपर्यंत उतरवा. खालच्या तारांना लागणारी हालचाल तिथून मिळते.

एक्स पट्ट्या: नकाशा बदलण्याची मुख्य जागा

तबलीखाली एक्सच्या आकारात एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या ब्रिजच्या दोन्ही पंखांखालून जायला हव्यात, नाहीतर ब्रिजचा पीळ नुसत्या तबलीवर पडतो. ड्रेडनॉटच्या नकाशात एक्सची फुली, म्हणजे पट्ट्या छेदतात ती जागा, छिद्राच्या कडेपासून साधारण 25 मिमीवर असते. इथे तीच ठेवली तर सॅडलच्या रेषेवर पट्टी मध्यापासून जवळजवळ 10 सेंमी बाहेर जाते, आणि ब्रिजचा पंख 80 मिमीवरच संपलेला असतो. फुली खांद्यापासून 255 मिमीवर, म्हणजे छिद्राच्या कडेपासून 48 मिमीवर ठेवा. कोन 96 अंश. आता पट्टी सॅडलच्या रेषेवर मध्यापासून 72 मिमीवर येते, बरोबर पंखाखाली. छिद्र आणि फुली यांच्यामधली मोकळी जागा वाढते, म्हणून छिद्राभोवती आतून 1.5 मिमी जाड स्प्रूसची कडी चिकटवा.

एक्सच्या पट्ट्या 8 मिमी रुंद आणि फुलीपाशी 16 मिमी उंच. खालचा पृष्ठभाग 8.5 मीटर त्रिज्येच्या गोलाईत घासा, म्हणजे तबलीला हलका फुगवटा येईल. फुलीचा सांधा हाताने दाबल्यावर जेमतेम बसेल इतका घट्ट हवा आणि वर 1 मिमीची स्प्रूसची टोपी हवी. हा सांधा सैल राहिला तर बाकीचे काम कितीही सुबक असले तरी तबली बसते.

ब्रिजखाली आतून मेपल किंवा शिसवीची 2.5 मिमीची पट्टी लावा. तिची रेषा तबलीच्या रेषेला तिरकी ठेवा, नाहीतर तारांच्या भोकांच्या ओळीत ती चिरते. छिद्राच्या वर, फ्रेटबोर्डखाली, 12 × 14 मिमीची आडवी पट्टी. खालच्या बाजूला दोन तिरक्या पट्ट्या, 7 × 11 मिमी. एक्सच्या बाहेरच्या बाजूंना लहान पट्ट्या (फिंगर ब्रेस) चार, 6 × 8 मिमी.

पट्ट्या कोरताना तबली बोटांत लोंबकळत धरा आणि ब्रिजच्या जागी टिचकी मारा. कोरण्याआधी आवाज उंच आणि तुटक येतो. एक्सच्या खालच्या हातांत खोलगट कोरत गेलात की तो उतरतो आणि लांबतो. लांबणे थांबले की कोरणेही थांबवा. फुली आणि ब्रिज यांच्यामध्ये उंची 13 मिमीच्या खाली नेऊ नका.

बाजू आणि पाठ

शिसवीच्या बाजू 2.1 मिमीवर आणा. गरम नळी 150 ते 170 अंश, पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडाला पाहिजे. लाकूड फडक्याने ओले करा, तासन्‌तास भिजवू नका. फार भिजवलेली बाजू नळीवर लाटालाटांची होते आणि नंतर घासून त्या लाटा जात नाहीत. आधी कंबर, मग खालचा फुगवटा, शेवटी वरचा. जोर हाताने नव्हे, उष्णतेने लावा. लाकूड मऊ पडले की ते स्वतःहून सोडते. वाकवलेल्या बाजू साच्यात रात्रभर आवळून ठेवा.

दोन्ही टोकांना महोगनीचे ठोकळे: नेककडचा 75 × 100 × 45, तळाचा 75 × 120 × 20 मिमी. आतल्या कडेने खाचा पाडलेली पट्टी चिकटवा. तबली आणि पाठ यांना गोंद लावायला कड त्यामुळेच मिळते.

पाठ 2.6 मिमी, चार आडव्या पट्ट्या, 4.6 मीटर त्रिज्येची गोलाई. मधल्या सांध्यावर आतून आडव्या रेषेच्या स्प्रूसची 15 मिमी रुंद पट्टी. पेटी बंद करण्याआधी आत हात फिरवून गोंदाचे थेंब काढा. नंतर सुटलेला एकच खडा पेटीत खडखडत राहतो.

नेक

डोक्याकडचा भाग 14 अंशात तिरकस सांध्याने जोडा. एकाच फळीतून कोरला तर रेषा तिथे आडवी पडते आणि गिटार पडली की डोके मोडते. मधोमध 6 मिमी रुंद खाचेत दोन्ही दिशांना फिरणारा ट्रस रॉड, म्हणजे नेकची वाक कमी-जास्त करणारी सळई, 460 मिमीचा, चावी छिद्राकडे. त्याच्या दोन्ही बाजूंना 3 × 9.5 मिमीच्या कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या इपॉक्सीत बसवा. नेहमीच्या गिटारला त्या नसल्या तरी चालते, पण बॅरिटोनच्या लांब नेकला त्या हव्यातच. त्या नसतील तर ऋतू बदलला की ॲक्शन, म्हणजे फ्रेट्सपासून तारांची उंची, बदलते.

रुंदी नटपाशी 46, चौदाव्या फ्रेटवर 58 मिमी. फ्रेटबोर्डसह जाडी पहिल्या फ्रेटवर 21.5, नवव्यावर 24. फ्रेटबोर्डची गोलाई 16 इंच त्रिज्येची, पडद्यांच्या खाचा 0.6 मिमी रुंद.

नेक पेटीला सरळ मॉर्टिस-टेनन (खाच आणि कूस) सांधा आणि दोन एम6 बोल्टने जोडा. डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखा पसरट कुशीचा, दिसायला मानाचा सांधा आहे, पण पुढे नेकचा कोन बदलायची वेळ आली तर बोल्टचा सांधा पंधरा मिनिटांत सुटतो. फ्रेट्स बसवल्यावर त्यांच्यावर लांब सरळ पट्टी ठेवा. तिचे टोक 9 मिमी उंच ब्रिजच्या माथ्यावरून जेमतेम घसरत गेले पाहिजे. पट्टी ब्रिजच्या पोटात शिरत असेल तर पुढे सॅडल घासायला जागाच उरणार नाही. टाचेच्या (नेकच्या पेटीला टेकणाऱ्या टोकाच्या) गालांना पॉलिशपेपरची पट्टी ओढून कोन दुरुस्त करा आणि मध्यरेषाही तपासत राहा. एका गालावर जास्त ओढले की पहिली तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून खाली जाते.

पॉलिश आणि ब्रिज

आपल्याकडे चांगली लाख मिळते. मेण काढलेली लाख लिटरभर स्पिरिटला 180 ते 200 ग्रॅम या प्रमाणात भिजवा आणि गाळून घ्या. शिसवीची रंध्रे आधी प्युमिस (बारीक दगडाची भुकटी) किंवा पातळ इपॉक्सीने भरा. मग पोचाऱ्याने अगदी पातळ थर. दमट दिवशी हात थांबवा, कारण स्पिरिट हवेतले पाणी ओढते आणि थर पांढुरका पडतो. तबलीवर शक्य तितका पातळ थर ठेवा. हाताला घाम येणाऱ्याच्या नेकवर लाख चिकट होते, तिथे तेलाचे पॉलिश बरे.

ब्रिजची जागा पॉलिशआधीच टेपने झाका. गोंद उघड्या स्प्रूसवरच धरतो. सॅडलची रेषा तिरकी: पहिल्या तारेला 711.2 मध्ये 3 मिमीची भर, सहाव्या तारेला 7 मिमीची. सॅडलची खाच 5 मिमी रुंद ठेवा, म्हणजे प्रत्येक तारेचा टेकू पुढे-मागे घासता येतो. 3 मिमीच्या सॅडलवर बॅरिटोनचा सूर सगळीकडे खरा लागत नाही. ब्रिजचे पोट तबलीच्या गोलाईत घासून बसवा, आतून ठोकळा लावून तीन क्लॅम्पनी आवळा आणि 24 तास हलवू नका.

तारा चढवणे आणि बसवणी

0.070 ची तार 1.78 मिमी जाड असते. सहाव्या खुंटीच्या दांड्याच्या भोकातून ती जाते का, हे खुंट्या विकत घेतानाच पाहा. नटची खाच तिच्यासाठी 1.85 मिमी हवी. अरुंद खाचेत तार अडकते आणि सूर लावताना झटक्याने उडी मारते. ब्रिजच्या भोकांतही जाड तारांसाठी खाच कोरावी लागते.

ब्रिज चिकटवल्यावर तीन दिवसांनी तारा चढवा. पहिल्या दिवशी पूर्ण सुराच्या एक स्वर खाली ठेवा. दुसऱ्या दिवशी पूर्ण सुरात आणून नेकची वाक पाहा: सातव्या फ्रेटवर 0.2 ते 0.25 मिमी. ॲक्शन बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली 2.9 मिमी, पहिलीखाली 2.2. खालची तार खरखरत असेल तर आधी वाक तपासा, मग ॲक्शन. जाड तार रुंद हेलकावते, तिला नेहमीच्या गिटारइतक्या खाली बसवता येत नाही. सूर बाराव्या फ्रेटवर वर लागत असेल तर त्या तारेचा टेकू सॅडलवर मागे सरकवा, खाली लागत असेल तर पुढे.

पहिल्या महिन्यात तबली ब्रिजमागे एक-दोन मिलिमीटर फुगेल, ते अपेक्षितच आहे. तीनच्या पुढे गेली तर एक्सची फुली आणि ब्रिजखालची पट्टी आरसा घालून तपासा. सांधा उघडा दिसला तर तारा लगेच उतरवा. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेल्यावर ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त न फिरवता वाक पुन्हा लावा. दोन वेगवेगळ्या उंचीची सॅडल घडवून ठेवा, पावसाळ्यासाठी एक बुटके आणि उन्हाळ्यासाठी एक उंच.